दादऱ्यावर वॉल्ट्झ: नाच न येणाऱ्या जोडप्याचा पहिला नाच

पार्श्वभूमी

मी पुण्यात जोडीनाच शिकवते. हे प्रकरण माझ्याकडे आलेल्या एका जोडप्याचं आहे. दोघांच्या संमतीने लिहिते आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वधू गोव्याची, सासष्टीतल्या एका गावातली, कॅथलिक कुटुंबातली. वर सातारा जिल्ह्यातला, वारकरी वळणाच्या घरातला. दोघंही हिंजवडीत नोकरीला होती. साताऱ्याकडचे विधी घरच्या घरी आटोपणार होते. चर्चमधला विधी आणि संध्याकाळचं रिसेप्शन मडगावजवळ, जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात ठरलं होतं. गोव्यातली कॅथलिक लग्नं आगमनकाळात, म्हणजे नाताळाआधीच्या साधारण चार आठवड्यांत, सहसा होत नाहीत, म्हणून नाताळ उलटला की तारखांची गर्दी होते. चांगला हॉल आणि चांगला बँड वर्षभर आधी धरून ठेवावा लागतो. इथेही ते सगळं वेळेवर झालं होतं. राहिला होता तो नाच.

गोव्याच्या कॅथलिक रिसेप्शनमध्ये नवरा-नवरीचा पहिला नाच हा कार्यक्रमाचाच भाग असतो. बँडच्या तालावर सगळा लवाजमा आत येतो, केक कापला जातो, टोस्ट होतो, आणि फरशी रिकामी करून दोघांना मध्ये बोलावलं जातं. थोडा वेळ फक्त ती दोघं नाचतात. मग करवल्या आणि बेस्ट मॅन येतात, आईवडील येतात, आणि शेवटी सगळा हॉल नाचायला उतरतो. क्रम गावागणिक थोडा बदलतो, पण हा नाच कुणी गाळत नाही. आणि पाहणाऱ्यांपैकी निम्मे लोक स्वतः वॉल्ट्झ, हा तीन ठोक्यांचा युरोपीय जोडीनाच, नाचत मोठे झालेले असतात.

दिवाळी संपल्यावर दोघं माझ्याकडे आली. हाताशी नऊ-दहा आठवडे होते.

अडचण

गोव्याची मुलगी म्हणजे नाच येणारच, असं सगळे धरून चालतात. हिला येत नव्हता. शाळा संपताच ती शिक्षणासाठी बाहेर पडली. गावच्या लग्नांत ती खुर्चीवर बसून राहायची आणि कुणी हात पुढे केला तर पाय दुखतोय म्हणायची. त्याने शाळेत लेझीम केली होती, गणपतीच्या मिरवणुकीत नाचला होता, आणि लहानपणी चार-पाच वर्षं तबला शिकला होता. दुसऱ्या माणसाला धरून एक पाऊलही त्याने कधी टाकलं नव्हतं.

तिची भीती ती पहिल्याच दिवशी बोलली. “ताई, याची माणसं बघून हसतील आणि माझी माणसं बघून मार्क देतील.” त्याची भीती वेगळी होती. मधेच पावलं विसरलो तर चारशे लोकांसमोर काय करायचं?

दोघांनी फोनवर एक चित्रफीत आणली होती. परदेशातलं जोडपं, इंग्रजी गाणं, चार मिनिटांचा बसवलेला नाच: उचलणं, गिरक्या, शेवटी नवरी नवऱ्याच्या हातावर पाठीमागे पूर्ण वाकलेली. त्यांना तेच हवं होतं. मी विचारलं, “हेच गाणं का?” दोघंही गप्प. सगळे हेच घेतात, एवढंच उत्तर मिळालं.

खरी अडचण इथे होती. पाय शिकवता येतात. पण ज्या गाण्याशी आपलं काहीच नातं नाही, त्यावर उसन्या हालचाली पाठ करून मोठ्या समूहासमोर उभं राहिलं की नवख्या माणसाला धरायला काही उरत नाही. एक पाऊल चुकलं की पुढचं सगळं जातं. गाणं ओळखीचं असेल तर चुकल्यावरही कान आपण कुठे आहोत ते सांगतो.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय चित्रफितीचाच होता. नऊ आठवड्यांत तो नाच कसाबसा पाठ झाला असता. पण तिथे बँड प्रत्यक्ष वाजणार होता. बसवलेला नाच ध्वनिमुद्रणाच्या सेकंदाला बांधलेला असतो, आणि बँड एखादं कडवं दोनदा घेतो, सुरुवातीचा तुकडा लांबवतो. ध्वनिमुद्रण लावता आलं असतं, पण ज्या हॉलमध्ये बँडला मान आहे तिथे नेमका पहिला नाच स्पीकरवर नाचायचा हे वधूच्या वडिलांना पटलं नसतं, आणि त्यांचं ते न पटणं मलाही योग्य वाटलं. शिवाय वराला कंबरेचं जुनं दुखणं होतं. उचलणं आणि वाकवणं मी त्याच दिवशी बाद केलं.

दुसरा पर्याय वधूच्या आजीने सुचवला: मांडो. एकोणिसाव्या शतकात सासष्टीच्या घरांतून रुजलेला हा गाण्यासह नाच संथ आणि देखणा असतो. त्याच्या मागून चढ्या लयीचं दुलपद येतं. पण मांडो दोघांचा नसतो. समोरासमोरच्या दोन ओळी लागतात, पंखे-रुमाल लागतात, कोंकणी गाणारे लागतात. आजीचा शब्द ठेवायचा म्हणून तो रोसच्या दिवशी करायचं ठरलं. नवरा-नवरीला नारळाचा रस लावण्याच्या त्या घरगुती विधीला तो अधिक शोभणारही होता.

तिसरा पर्याय सगळ्यात सोपा. एकमेकांना धरून दोन मिनिटं डोलायचं. मी हा पर्याय हलका मानत नाही. वेळ तीन आठवड्यांपेक्षा कमी असेल तर मी तोच सुचवते. इथे वेळ होता, आणि वधूला तिच्या गावासमोर खरा वॉल्ट्झ नाचायचा होता. ही इच्छा तिने फार हळू आवाजात सांगितली, म्हणून मी ती जास्त गंभीरपणे घेतली.

चौथा पर्याय: मोजक्या तीन-चार हालचाली, पण त्या कुठल्याही क्रमाने करता येतील इतक्या पक्क्या. याला वेळ जास्त लागतो, कारण पाठांतराऐवजी एकमेकांचं शरीर ओळखायला शिकावं लागतं. शेवटी आम्ही सुरुवात आणि शेवट बसवलेला ठेवला आणि मधला भाग मोकळा. बँडने काहीही केलं तरी मध्ये जागा असेल, आणि लोकांना लक्षात राहतात त्या दोन टोकांना अनिश्चितता नसेल.

गाण्याचा निर्णय

पुढच्या भेटीला मी वेगळा प्रश्न विचारला. तुम्हा दोघांमध्ये कुठलं गाणं आहे? यावर मात्र दोघं एकदम बोलायला लागली. कंपनीच्या गणेशोत्सवात त्याने एका जुन्या मराठी भावगीताला तबल्याची साथ केली होती. सूत्रसंचालन ती करत होती. कार्यक्रम संपल्यावर तिने त्याला गाठून त्या गाण्याचा अर्थ विचारला, आणि ओळख तिथून वाढली. ते गाणं आता तिलाही येत होतं.

मी ताल विचारला. तो म्हणाला, “दादरा.”

आमचा अर्धा प्रश्न तिथेच सुटला. दादरा सहा मात्रांचा, तीन-तीनचे दोन भाग: धा धी ना, धा ती ना. वॉल्ट्झही तीनाचाच. वॉल्ट्झमधली चौकोनी पावलं, ज्याला बॉक्स म्हणतात, ती बरोबर सहा असतात: पुरुषाचा डावा पाय पुढे, उजवा बाजूला, डावा जवळ; मग उजवा मागे, डावा बाजूला, उजवा जवळ. म्हणजे एक बॉक्स आणि दादऱ्याचं एक आवर्तन एकाच वेळी पुरं होतं. समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेला, पुढे जायचं; चौथ्या मात्रेला, म्हणजे आवर्तनाचा दुसरा, हलका भाग सुरू होतो त्या कालीवर, मागे यायचं. तबला शिकलेल्या माणसाला याहून सोपी खूण मी देऊ शकले नसते.

लयीचा प्रश्न उरला. संथ वॉल्ट्झ मिनिटाला साधारण ८४ ते ९० ठोक्यांवर नाचतात. व्हिएनीज वॉल्ट्झ त्याच्या दुप्पट, १७४ ते १८० वर. गाण्याचं ध्वनिमुद्रण मोजलं तर मिनिटाला सुमारे ११० मात्रा निघाल्या. नवख्या पायांना ते जड जाणार होतं. ९० वर उतरवलं तर गाणं मरगळलं. शब्दांतला श्वास तुटायला लागला आणि ती म्हणाली, “हे आमचं गाणं वाटतच नाही.” एक-एक मात्रा वाढवत आम्ही ९६ वर थांबलो. तिथे गाणं जिवंत राहत होतं आणि पावलं लहान ठेवली तर पाय पोहोचत होते. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वात मोलाचा वेळ या एका आकड्यावर गेला. जोडपी गाणं निवडताना शब्द ऐकतात, लय मोजत नाहीत, आणि मग महिनाभर गाण्यामागे धावत राहतात.

९६ च्या लयीत मिनिटाला १६ आवर्तनं होतात. मुखडा, एक अंतरा आणि पुन्हा मुखडा एवढंच घेतलं तर दोन मिनिटांच्या आत-बाहेर बसतं. त्याहून लांब नाच मी नवख्यांना देत नाही. दोन मिनिटांनंतर पाहणाऱ्यांचं लक्ष सुटतं आणि नाचणाऱ्यांचा दमही.

बँडचं काय? गोव्यातल्या बँडच्या गायकाला मराठी भावगीत पाठ असण्याची अपेक्षा करणं बरोबर नव्हतं. सॅक्सोफोनवर फक्त चाल वाजवायची, असं ठरलं. वराने स्वरलिपी लिहून पाठवली. बँडच्या प्रमुखांनी मूळ गाणं ऐकून दोन दिवसांत स्टाफ नोटेशन, म्हणजे पाश्चात्त्य पद्धतीची स्वरलिपी, तयार केलं. हे त्यांच्याकडे परंपरेनेच आहे. चर्चच्या शाळांतून नोटेशन वाचायला शिकलेले गोव्याचे वादक पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीताचे कणा झाले. सेबॅस्टियन डिसूझा आणि अँथनी गोन्साल्विस ही त्यातली मोठी नावं. आपल्या भावगीताला सॅक्सोफोन शोभेल का, ही वराची शंका पहिला नमुना ऐकून मिटली.

बँडमध्ये तबला नसणार, म्हणजे कालीही नसणार. बास पहिल्या ठोक्याला आणि बाकीची साथ दुसऱ्या-तिसऱ्याला, दोन्ही अर्धी अगदी सारखी. वराच्या मित्राला तबल्यावर बसवावं, अशी सूचना आली होती. माईक, सूर मिळवणं आणि एकमेव तालीम पाहता आम्ही ती सोडली. त्याऐवजी शेवटचे चार आठवडे सराव साध्या कीबोर्डच्या साथीवर केला, म्हणजे काली तबल्यात शोधण्याऐवजी चालीच्या ओळीत शोधायची सवय लागली.

शिकण्याचा क्रम

पहिले दोन आठवडे मी त्यांना एकमेकांना धरू दिलं नाही. शेजारी उभं राहून बोल म्हणायचे आणि चालायचं. नवख्या माणसाचा मुख्य घोटाळा असा की वजन दोन्ही पायांवर अर्धं-अर्धं राहतं, त्यामुळे पुढचा पाय कुठला ते शरीराला कळतच नाही. मी मधेच गाणं बंद करायचे आणि विचारायचे, “मोकळा पाय कुठला?” उत्तर लगेच आलं नाही तर पुन्हा पहिल्यापासून. तिसरं पाऊल, जवळ आणण्याचं, नुसतं टेकवायचं नसतं. त्यावर पूर्ण वजन द्यावं लागतं. ते जमलं आणि बॉक्स जमला.

धरण्याची पद्धत साधी ठेवली: त्याचा उजवा हात तिच्या डाव्या खांद्याच्या पात्यावर, तिचा डावा हात त्याच्या दंडावर, दुसरे हात तिच्या डोळ्यांच्या उंचीला. दोघांनी अगदी समोरासमोर न राहता अर्धं पाऊल एकमेकांच्या उजवीकडे सरकून उभं राहायचं, म्हणजे गुडघे आपटत नाहीत. खाली बघायचं नाही हा नियम मी कडक ठेवत नाही. सुरुवातीला बघू द्यावं. पाय जमले की नजर आपोआप वर येते.

तिची अडचण वेगळी होती. ती हुशार आणि चटपटीत. त्याच्या मनात काय आहे ते ओळखून अर्धा ठोका आधीच निघायची, आणि तो गोंधळायचा. तिला थांबायला सांगून उपयोग झाला नाही. मग ओढणी घेतली. दोघांनी एकेक टोक धरायचं आणि चालायचं. ओढणी सैल पडता कामा नये, ताणलीही जाता कामा नये. वळायचं कधी ते फक्त त्याने ठरवायचं आणि सांगायचं नाही. दोन-तीन भेटींत तिचं आधी निघणं थांबलं. त्याच सरावाने त्यालाही कळलं की मनात ठरवलं म्हणजे पोहोचलं असं नाही. छाती वळली तरच तिला कळतं.

हालचाली एकूण चार. जागेवरचा बॉक्स. डावीकडे वळत जाणारा बॉक्स, ज्यात दर तीन पावलांना पाव वळण आणि दोन आवर्तनांत पूर्ण फेरी होते. हाताखालून तिची गिरकी, पूर्ण सहा मात्रा घेऊन, घाई न करता. आणि जागेवर डोलणं, हे हरवल्यावरचं आश्रयस्थान. हरवण्याचा आम्ही मुद्दाम सराव केला. मी मधेच टाळी वाजवायचे, तो मुद्दाम चुकीचा पाय टाकायचा, मग दोघांनी डोलत ओळ संपण्याची वाट पाहायची आणि नव्या ओळीच्या समेवर पुन्हा निघायचं. त्याची पहिल्या दिवसाची भीती याच सरावाने गेली.

सहाव्या आठवड्यात भांडण झालं. घरी गच्चीवर सराव करताना ती चित्रफीत काढत आणि रात्री पाहून एकमेकांच्या चुका मोजत. भेटीला आली ती एकमेकांकडे न बघता. मी तीन नियम घातले. चित्रफीत आठवड्यातून एकदाच, माझ्यासमोर पाहायची. दुरुस्ती फक्त स्वतःची सांगायची. सराव रोज पंधरा मिनिटं, त्याहून जास्त नाही. थकलेल्या पायांनी केलेला सराव चुकाच पक्क्या करतो.

शेवट कसा करायचा ही कल्पना वराची. गाणं तिहाईने संपवावं, म्हणजे एकच तुकडा तीनदा घेऊन शेवट समेवर आणावा. मी आधी कचरले, कारण त्यासाठी नवी हालचाल शिकवायला वेळ नव्हता. पण मांडणी करून पाहिली आणि लक्षात आलं की नवं काहीच लागत नाही. तीन पावलं पुढच्या अर्ध्या बॉक्सची, दोन मात्रा स्तब्ध. तीन पावलं मागच्या अर्ध्याची, दोन मात्रा स्तब्ध. पुन्हा तीन पुढची. तीन, दोन, तीन, दोन, तीन मिळून तेरा. समेवर सुरू केलं तर तेरावी मात्रा पुन्हा समेवर येते, आणि पायही आपोआप आलटूनपालटून बरोबर पडतात. चित्रफितीतल्या वाकण्याऐवजी त्यांच्या नाचाला त्यांचा स्वतःचा शेवट मिळाला. बँडच्या ड्रमवादकाला हे फोनवर समजावताना वराने तोंडाने बोल म्हणून दाखवले, आणि त्यांनी ते दुसऱ्याच खेपेला बरोबर वाजवले.

पोशाख, फरशी आणि घरची माणसं

गाऊनला मागे लांब घोळ होता. नाचताना तो उचलून अडकवावा लागतो, त्यासाठी शिंप्याने आतून फितीचं कडं आणि बटण दिलं होतं. गाऊन गोव्यात शिवला जात होता आणि शेवटची मापं लग्नाच्या आठवड्यात. तोवर तिने टाचेच्या सँडल आणि जमिनीला टेकणारा परकर घालून सराव केला. परकराने पाऊल लहान ठेवायची सवय लागली, पण घोळाचं वजन त्यात नव्हतं.

त्याच्या नव्या बुटांना चामड्याचा तळ होता. रबराचा तळ वळताना अडतो, चामड्याचा नवा तळ घसरतो. म्हणून तळ काचकागदाने थोडा खरखरीत करून घेतला. नाचायची जागा उघड्यावर, लादीची. जानेवारीत गोव्यात रात्री दव पडतं आणि लादी ओलसर होते. नाचाआधी फरशी कोरड्या फडक्याने पुसून घ्यायचं काम एका करवलीच्या भावावर सोपवलं.

सगळ्यात नाजूक प्रश्न वराच्या आईचा होता. निवेदक आईवडिलांना माईकवरून नाव घेऊन बोलावतात, हे वधूकडच्यांना इतकं स्वाभाविक होतं की कुणाला सांगायचं सुचलंच नव्हतं. एका सरावाला त्या साताऱ्याहून आल्या होत्या. मी विषय काढला तेव्हा म्हणाल्या, “परक्या पुरुषाचा हात धरून मला नाही जमायचं, बाई. माझ्या पोराचा हात धरीन.” त्या एका वाक्यावर पुढचा क्रम ठरला. तिहाई संपली की वर आईकडे जाईल, वधू तिच्या वडिलांकडे. आईला दोन्ही हात धरून जागेवर डोलायचं तेवढं शिकवलं. त्यांच्या गुडघ्यांना तेवढंच झेपणारं होतं, आणि भजनातली लय अंगात असल्याने त्या पहिल्याच खेपेला तालात होत्या. निवेदकाला लेखी कळवलं की वराकडच्या कुणालाही नाव घेऊन बोलावू नये, ज्यांना यायचं ते येतील.

नाताळाला ती गावी गेली, तो पुण्यात राहिला. जवळजवळ तीन आठवड्यांचा विरह. दोघांनी रोज एकच ध्वनिमुद्रण लावून आपापली पावलं एकट्याने करायची, हात हवेत धरून. एकट्याने करताना वजन चुकलं की तोल जातो आणि लगेच कळतं, म्हणून या सरावाला मी दुय्यम मानत नाही. लग्नाच्या तीन दिवस आधी तो पोहोचला, आणि बँडबरोबर एकच तालीम मिळाली.

प्रत्यक्ष दिवस

मी तिथे नव्हते. पुढचं सगळं चित्रफितीवरून आणि दोघांनी सांगितलं त्यावरून.

चर्चबाहेरच्या फोटोंना वेळ लागला आणि कार्यक्रम पाऊण तास मागे पडला. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धक लावता येत नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांची ती मर्यादा गोव्यातल्या प्रत्येक निवेदकाच्या घड्याळात असते. त्यांनी विचारलं, नाच अर्धा करायचा का? वधूने नाही सांगितलं. दोनच मिनिटांचा असल्यामुळे तिला ते ठामपणे सांगता आलं.

बँडने गाणं ठरल्यापेक्षा थोडं चढं उचललं. समोर गर्दी असली की असं होतं. पहिल्या दोन आवर्तनांत वराचं पाऊल मागे राहिलेलं दिसतं. मग त्याने पावलं अर्धी केली आणि लय पकडली. सॅक्सोफोनने अंतरा रंगात येऊन दोनदा घेतला. मधला भाग मोकळा असल्याने दोघांच्या चेहऱ्यावर काहीच दिसत नाही, ती वळणाऱ्या बॉक्सची आणखी एक फेरी घेतात.

गिरकीच्या वेळी घोळाची फीत तुटली. गिरकीत तिचा डावा हात मोकळा असतो. तिने त्याच हाताने गाऊन उचलला आणि पुढचा सगळा नाच डावा हात त्याच्या दंडावर न ठेवता केला. दुसरी गिरकी त्याने घेतलीच नाही. कुणी सुचवलं नव्हतं. तिच्या हातात गाऊन दिसला आणि त्याने ठरवलं. माझ्या दृष्टीने त्या दोन मिनिटांतला सर्वात चांगला नाच तो होता: त्याने तिच्याकडे पाहिलं आणि बेत बदलला.

तिहाईच्या पहिल्या स्तब्धतेत लोकांना वाटलं गाणं संपलं. टाळ्या पडल्या आणि बँड ऐकू येईना. चित्रफितीत तिचे ओठ हलताना दिसतात, ती मात्रा मोजत होती. तिहाईचा दुसरा तुकडा थोडा घसरला, तिसरा समेवर आला. वर आईकडे गेला. वधूची आजी, जिने मांडो सुचवला होता, तिने नंतर नातजावयाला जवळ बोलावून विचारलं की हा वॉल्ट्झ त्याला कुणी शिकवला. तो म्हणाला, माझ्या तबल्याच्या गुरुजींनी.

वेगळं काय करता येईल

गाऊनचा घोळ हा आधी दिसणारा धोका होता. अशा प्रकरणात मी आता शिंप्याकडे एका फितीऐवजी तीन-चार ठिकाणी बटणं मागते, आणि शिवाय मनगटात अडकवायचं एक कडंही. परकराच्या मागे जाड चादर पिनांनी लावून घोळाच्या वजनाचा सराव करता येतो. तो महिनाभर आधी सुरू करावा.

टाळ्यांचा अंदाज बांधता येण्यासारखा होता. स्तब्धता असलेला शेवट ठेवायचा असेल तर त्या दोन मात्रांत ड्रमवादकाने काठीने नुसते ठोके द्यावेत, म्हणजे गाणं चालू आहे हे लोकांनाही कळतं आणि नाचणाऱ्यांनाही. तिहाई ओळखणारा श्रोता साताऱ्याकडे होता, मडगावच्या हॉलमध्ये तो थोडा होता.

बँडशी बोलणं सहाव्या आठवड्यात सुरू झालं. ते पहिल्या आठवड्यात व्हायला हवं, आणि लय आकड्यात कळवावी. “थोडं संथ” या शब्दांचा अर्थ प्रत्येक वादकागणिक बदलतो. आकडा कळवूनही त्या रात्री लय चढलीच, म्हणून सरावातच आठवड्यातून एकदा १०० आणि १०४ वर नाचून ठेवावं. या जोडप्याने ते दोनदाच केलं होतं, आणि त्यावरच निभावलं.

नाच बसवायचा की मोकळा ठेवायचा, यावर मला अजूनही एकच उत्तर देता येत नाही. ध्वनिमुद्रणावर नाचणार असाल आणि वेळ चार-पाच आठवडेच असेल तर छोटा बसवलेला नाच अधिक सुरक्षित. बँड असेल तर मोकळा भाग ठेवल्याशिवाय मी तरी जबाबदारी घेणार नाही. आणि दोघांपैकी कुणाला ताल कळत नसेल तर दादऱ्याची ही वाट तशीच्या तशी चालणार नाही. तिथे गाण्याच्या ओळी म्हणत चालण्यापासून सुरुवात करावी लागेल आणि त्याला आणखी दोन-तीन आठवडे धरावे लागतील.

आईवडिलांशी बोलणं मात्र कुठल्याही परिस्थितीत पहिल्या पंधरवड्यातच उरकावं. इथे वराच्या आई योगायोगाने सरावाला आल्या म्हणून विषय निघाला. त्या आल्या नसत्या तर माईकवरून नाव पुकारल्यावरच त्यांना हे कळलं असतं.